दुखण्यातून उठून दुसऱ्याच्या मदतीला जाताना

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत: मानसिक आजारातून सावरल्यावर वेलनेस कोच म्हणून काम करण्याची इच्छा आणि त्यातून उभे राहणारे प्रश्न. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्या दोन पत्रांची मुळे त्यातच आहेत. ओळख पटेल असे तपशील सर्वत्र वगळले किंवा बदलले आहेत.

प्रश्न : मी ३९ वर्षांची आहे. पाच वर्षांपूर्वी मला तीव्र नैराश्य आले आणि त्यातच पॅनिक अटॅक सुरू झाले. जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडणे बंद होते. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे, दर आठवड्याची थेरपी आणि पुढे झोप, व्यायाम व लेखन यांची स्वतःला लावून घेतलेली शिस्त यांमुळे मी सावरले. डॉक्टरांच्या सल्ल्याने गेल्या आठ महिन्यांपासून औषधे पूर्ण बंद आहेत. आजारपणात मला सर्वांत जास्त उणीव भासली ती यातून स्वतः गेलेल्या माणसाची. आता मैत्रिणी आणि सहकारी माझ्याकडे मन मोकळे करायला येतात आणि त्यांच्याशी बोलल्यावर मला फार बरे वाटते. नोकरी सोडून वेलनेस कोच व्हावे, असे मनाने घेतले आहे. सहा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमानंतर प्रमाणपत्र देणाऱ्या एका संस्थेने मला सांगितले, की तुमचा अनुभव हीच तुमची पात्रता आहे. हे खरे आहे का?

उत्तर : तुम्हाला भासलेली उणीव खरी आहे, आणि तिच्यापासूनच सुरुवात करते. आजाराचे नाव, गोळ्यांचा डोस आणि पुढच्या भेटीची तारीख डॉक्टरांकडून मिळते. पण दुपारचे दोन वाजले तरी अंघोळीला उठता येत नाही आणि त्याची लाज मूळ आजारापेक्षा जड होते, हे ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटत नाही, असे माणूस भेटणे ही वेगळीच गोष्ट असते. ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते अशाच वेळी.

ही जाण आजकालची नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांच्या विभागाची व्यवस्था पाहणारे झाँ-बातिस्त प्यूसाँ स्वतः कधीकाळी त्याच रुग्णालयात गंडमाळेवर, म्हणजे मानेतल्या गाठींच्या आजारावर, उपचार घ्यायला आले होते आणि बरे झाल्यावर तेथेच कामाला लागले. बऱ्या झालेल्या रुग्णांमधून सेवक निवडण्याकडे त्यांचा कल असे, कारण अशी माणसे रुग्णांशी अधिक मायेने वागत. १७९३ मध्ये तेथे रुजू झालेले डॉक्टर फिलिप पिनेल यांनी प्यूसाँ यांच्याकडून पुष्कळ शिकल्याचे मोकळेपणाने मान्य केले. पुढे अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स या तरुणाने १९०० मध्ये आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यानंतरची सुमारे तीन वर्षे वेगवेगळ्या मनोरुग्णालयांत काढली, तेथे मारहाण सोसली आणि १९०८ मध्ये हे सारे आत्मकथनातून मांडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची समिती स्थापन झाली. तेव्हा दुखण्यातून उठलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मदतीला जावे की नाही, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती तुमच्या पत्रातल्या एका वाक्याविषयी. 'त्यांच्याशी बोलल्यावर मला फार बरे वाटते,' असे तुम्ही लिहिले आहे. १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचे एक गृहस्थ कामानिमित्त अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात गेले होते. दारू सोडून त्यांना जेमतेम काही महिने झाले होते. काम फिसकटले, हॉटेलच्या लॉबीत एकटे उभे असताना बारकडे पाय वळू लागले, आणि दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलणे झाले तरच आपण आज वाचू, हे त्यांना उमगले. त्यांनी फोन फिरवले आणि डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकांशी त्यांची गाठ पडली. त्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना साथ देण्याची चळवळ उभी राहिली. मदत करणाऱ्यालाच मदतीचा गुण येतो, या निरीक्षणाला सामाजिक मानसशास्त्रज्ञ फ्रँक रिसमन यांनी १९६५ मध्ये सिद्धान्ताचे रूप दिले. तुम्हाला जे बरे वाटते, ते हेच आहे आणि त्यात गैर काहीच नाही.

मात्र ॲक्रनच्या त्या भेटीत देणारा एक आणि घेणारा दुसरा, असे नव्हते. दोघांनाही एकमेकांची सारखीच गरज होती आणि कुणी कुणाला पैसे देत नव्हते. कोचिंगमध्ये समोरची व्यक्ती शुल्क भरून, स्वतःचे काम घेऊन येते. ती बोलल्यावर तुम्हाला बरे वाटले तर चांगलेच, पण तुम्हाला बरे वाटावे यासाठी ती आलेली नसते. ज्या दिवशी तिच्या सुधारण्यावर तुमची स्वतःची उमेद टांगलेली राहील, त्या दिवशी तिला 'मला अजिबात फरक पडलेला नाही' हे खरे वाक्य तुमच्यासमोर उच्चारणे अवघड होईल. आजारी माणसे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची निराशा फार पटकन टिपतात. तुम्हाला हे अनुभवाने ठाऊक असेल. सध्या तुम्हाला अनुभवांची देवाणघेवाणच हवी असेल, तर आधारगटात सहभागी होणे हा पूर्ण प्रतिष्ठेचा मार्ग आहे. त्यासाठी कोच व्हावे लागत नाही.

यातली माझी एक चूक सांगते. तिशीच्या आत मी स्वतः नैराश्यातून गेले होते आणि त्या काळात रोज सकाळी चालण्याने मला पुष्कळ उतार पडला होता. समुपदेशनाचे काम सुरू केल्यावर पहिल्याच वर्षात एक स्त्री माझ्याकडे आली. पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, असे तिने सांगायला सुरुवात करताच मी खुर्चीत पुढे सरकले, 'मलाही अगदी असेच व्हायचे' असे म्हणाले आणि चालण्याविषयी चांगली दहा मिनिटे बोलले. तिने वहीत 'चालणे' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. पुढच्या आठवड्यात ती आली तेव्हा वही मांडीवर मिटलेली होती. 'तीन दिवस गेले, मग जमले नाही. तुम्हाला जमले, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी असणार,' असे ती म्हणाली. पहाटे तीनला जाग आल्यावर ती काय करते, हे मी पहिल्या भेटीत विचारलेच नव्हते. त्या दिवशी विचारले, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की झोपलेल्या मुलाचा श्वास चालू आहे ना, हे ती त्याच्या नाकाशी बोट धरून रात्रीतून सात-आठ वेळा तपासत असे. तिचे दुखणे माझ्या दुखण्यासारखे दिसत होते, पण ते वेगळे होते आणि त्यावरचे उपचारही वेगळे होते. माझी गोष्ट मध्ये आल्यामुळे ते कळायला एक आठवडा उशीर झाला.

म्हणून मला वाटते, की अनुभवी व्यक्तीच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग म्हणजे स्वतःची गोष्ट केव्हा सांगायची नाही, हे शिकणे. ती कधीच सांगू नये असे नाही. सांगण्याआधी मनाशी एवढेच विचारावे, की हे मी कुणासाठी सांगते आहे. समोरच्या व्यक्तीची लाज दोन वाक्यांत हलकी होणार असेल तर दोन वाक्ये सांगावीत आणि लगेच तिच्याकडे वळावे. तिसऱ्या वाक्यापासून बहुधा आपण स्वतःसाठी बोलू लागलेलो असतो.

अनुभवाचे नेमके स्थान कोणते, हे मार्शा लिनहान यांच्या उदाहरणातून मला सर्वांत स्पष्ट दिसते. त्या १७ वर्षांच्या असताना, १९६१ मध्ये, स्वतःला इजा करण्याच्या तीव्र प्रवृत्तीमुळे मनोरुग्णालयात दाखल झाल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे होत्या. पुढे त्या मानसशास्त्रज्ञ झाल्या आणि अशाच रुग्णांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी विकसित केली. 'मला याचा उपयोग झाला' एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटाशी तुलना करून त्यांनी ही पद्धत तपासली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतःच्या आजारपणाविषयी त्या जाहीरपणे बोलल्या त्या २०११ मध्ये. कोणत्या माणसांसाठी काम करायचे, हे त्यांना अनुभवाने सांगितले. काय उपयोगी पडते, हे मात्र त्यांनी इतर माणसांकडून, मोजून शिकून घेतले.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. वेलनेस कोच आजाराचे निदान करत नाही, औषधांविषयी मत देत नाही आणि जुने आघात उकरून काढत नाही. झोप, हालचाल, कामाचा ताण, माणसांशी संपर्क अशा रोजच्या जगण्यातल्या गोष्टींत जो बदल समोरच्या व्यक्तीला स्वतःला हवा आहे, तो घडवायला तो तिला सोबत करतो. ऐकायला हे सोपे वाटते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विस्तारलेल्या 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या, बदलाची कारणे माणसाला स्वतःलाच सापडावीत अशा संवादाच्या पद्धतीत एका सवयीविषयी आवर्जून सावध केले जाते. समोरच्याचे चुकते आहे असे दिसताच ते दुरुस्त करायला धावण्याची ही सवय असते. माणसाला जितके सांगावे तितका तो न बदलण्याची कारणे देऊ लागतो. यातून गेलेल्या लोकांना ही घाई सर्वांत जास्त असते, कारण त्यांना वाट माहीत असते. या पद्धतीत वापरला जाणारा एक साधा प्रश्न पाहा. व्यायाम सुरू करणे तुम्हाला शून्य ते दहामध्ये किती महत्त्वाचे वाटते, असे विचारावे. समोरून 'चार' असे उत्तर आले, तर 'दहा का नाही' असे विचारायचे नाही. 'चार का, एक का नाही' असे विचारायचे. मग ती व्यक्ती बदलाच्या बाजूची कारणे स्वतःच्या तोंडाने सांगू लागते. असे प्रश्न जिभेवर बसायला सराव लागतो आणि तो सराव कुणीतरी ऐकून दुरुस्त करावा लागतो.

संस्थेच्या दाव्याचे उत्तर येथेच मिळते. बहुतेक ठिकाणी कोच म्हणवून घ्यायला कायद्याने परवाना लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र देणाऱ्यांची गर्दी आहे. तुलनेसाठी सांगते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या मान्यतेलाही किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, आणि त्या काळात अनुभवी मार्गदर्शकाने तुमचे काम पाहावे लागते. अमेरिकेत आरोग्य व वेलनेस कोचसाठी असलेल्या राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी मान्यताप्राप्त प्रशिक्षणाबरोबर ५० सत्रांची नोंद द्यावी लागते. सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तुम्ही दोनच प्रश्न विचारा: माझे सत्र प्रत्यक्ष ऐकून त्यावर कोण बोलणार, आणि समोरच्या व्यक्तीला कोचिंगची नव्हे, उपचारांची गरज आहे हे ओळखायला तुम्ही कसे शिकवता? उत्तरे गोलमोल आली, तर पैसे भरू नका. 'अनुभव हीच पात्रता' हे वाक्य तुमचा सन्मान करण्यासाठी उच्चारलेले नाही, प्रवेश देण्यासाठी उच्चारलेले आहे.

नोकरी आताच सोडू नका, असे मी स्पष्टपणे सांगते. पहिल्यांदा नैराश्य येऊन गेलेल्या व्यक्तींपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांना ते पुन्हा येते. औषधे थांबवून तुम्हाला आठच महिने झाले आहेत. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. उत्पन्न अनिश्चित झाले, झोप विस्कटली आणि रोज चार जणांचे दुःख कानांवर पडू लागले, की तुमच्या प्रकृतीची परीक्षा एकाच वेळी तीन बाजूंनी होईल. नोकरी सांभाळून प्रशिक्षण घ्या, आठवड्यातून एक-दोन सत्रे देखरेखीखाली करा आणि तुमच्या थेरपिस्टना हा बेत सांगा. किती महिने थांबावे, याचे गणित माझ्याजवळ नाही, पण एक खूण आहे. उद्या कुणी तुमच्यासमोर बसून म्हणाले, 'मी व्यायाम केला नाही, लिहिले नाही, मला फक्त गोळ्यांनी बरे वाटले आणि त्या मी कायम घेणार आहे,' तर ते ऐकताना तुमच्या मनात वाद सुरू होतो का, हे पाहा. तो सुरू होत नसेल, तर तुम्ही तयार होत आहात.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून कोच म्हणून काम करतो. मला पूर्वी चिंताविकार होता, हे माझ्या सर्व क्लायंटना माहीत आहे आणि त्यामुळेच ते माझ्याकडे येतात. गेले काही आठवडे माझी स्वतःची झोप पुन्हा उडाली आहे. सत्राआधी छातीत धडधडते. अशातच परवा रात्री साडेअकराला एका क्लायंटचा मेसेज आला, की आता जगण्यात अर्थ वाटत नाही. मी दीड तास मेसेजवर त्यांची समजूत काढली. कुणालाही सांगू नका, अशी त्यांनी विनंती केली आणि मी ती मान्य केली. माझे चुकले का?

उत्तर : तुम्ही त्या रात्री फोन बाजूला ठेवून झोपला नाहीत, याची मला कदर आहे. पण गुप्ततेचे वचन द्यायला नको होते आणि ते आजच मागे घ्यायला हवे. हे वाचत असताना त्या व्यक्तीशी संपर्क झालेला नसेल, तर आधी फोन करा आणि मग पुढचे वाचा.

मेसेज न करता प्रत्यक्ष बोला आणि सरळ विचारा, की आत्महत्येचे विचार येत आहेत का, कसे करायचे हे ठरवले आहे का, त्याची साधने जवळ आहेत का. असे विचारल्याने विचार डोक्यात घातला जातो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीला एकटे राहू देऊ नये, साधने दूर करावीत, जवळच्या एका माणसाला कळवावे आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा तातडीच्या सेवेकडे पोहोचवावे. वचनाविषयी असे सांगता येईल: 'मी तेव्हा हो म्हणालो, पण तुमचा जीव माझ्या शब्दापेक्षा मोलाचा आहे, म्हणून आपण दोघे मिळून कुणाला सांगायचे ते ठरवू या.' राग येईल, कदाचित ती व्यक्ती तुमच्याकडे यायचे थांबवेल. ते पत्करावे. पुढील प्रत्येक नव्या क्लायंटला पहिल्याच भेटीत लेखी स्वरूपात सांगा, की तुम्ही सांगितलेले माझ्याजवळ राहील, पण जिवाला धोका दिसला तर मी मदत बोलावीन. मेसेजना उत्तर देण्याची वेळ आणि रात्री कोणाला फोन करायचा, हेही त्याच कागदावर असावे.

आता तुमच्याविषयी. झोप उडणे आणि धडधड ही लक्षणे तुम्ही क्लायंटमध्ये ओळखली असती, तर त्यांना तुम्ही काय सुचवले असते? पत्रात डॉक्टरांचा उल्लेख नाही, हे मला खटकले. मला वाटते, की 'यातून बाहेर आलेला माणूस' अशी ओळख व्यवसायाचा पाया झाली, की पुन्हा आजारी पडणे म्हणजे फसवणूक उघडी पडण्यासारखे वाटू लागते आणि माणूस उपचार पुढे ढकलतो. चिंताविकार उलटतो, ते त्या आजाराचे स्वरूप आहे. त्यात अप्रामाणिक काही नाही. अप्रामाणिकपणा झाकून काम रेटण्यात असेल. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा, नवी कामे घेऊ नका आणि चालू सत्रे चालवण्याइतके स्वास्थ्य आहे की नाही, हे एकट्याने न ठरवता एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी बोलून ठरवा. सुट्टी घ्यावी लागली, तर क्लायंटना 'प्रकृतीच्या कारणाने' एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यांना दुसऱ्या कोचचे किंवा समुपदेशकाचे नाव द्या. कारणांचा तपशील त्यांच्यावर टाकू नका, नाहीतर ते तुमची काळजी करू लागतील.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. खाण्याच्या विकारातून ती मोठ्या कष्टाने बाहेर पडली. आता ती कोचिंगचे शिक्षण घेत आहे आणि आपली कहाणी व्हिडिओंमधून सांगते. तिचा मला अभिमान आहे. पण एका व्हिडिओत तिने, 'आई माझ्या वजनावरून बोलायची,' असे सांगितले. ते खरे आहे. तरी मला फार लागले. मी काही बोलावे का?

उत्तर : बोला, पण आधी 'ते खरे आहे' हे तिला सांगा. तुम्ही मला जे एका ओळीत, कोणतेही समर्थन न जोडता लिहिले आहे, ते तिला तुमच्या तोंडून कधी ऐकायला मिळाले आहे का, ते मला पत्रातून कळत नाही. मिळाले नसेल, तर त्या दिवशी फक्त तेवढेच बोला. व्हिडिओचा विषय काढू नका.

दुसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने, पुढे माझा उल्लेख येणार असेल तेव्हा आधी मला दाखव, असे तिला सांगण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आपली गोष्ट सांगताना त्यात इतर माणसेही येतात आणि त्यांना विचारावे लागते, हा तिच्या होऊ घातलेल्या व्यवसायातलाच धडा आहे. एक व्यावहारिक सूचनाही तिच्या कानावर घाला: खाण्याच्या विकाराविषयी बोलताना वजनाचे आकडे, किती कॅलरी घेत होते ते आणि त्या काळातले फोटो टाळावेत, कारण आजारात असलेली मुले-मुली ते आकडे स्पर्धेचे उद्दिष्ट म्हणून उचलतात. तिच्या एखाद्या जुन्या व्हिडिओत असे काही असेल, तर तो काढून टाकायला सांगा. तुमच्याविषयीचे वाक्य ठेवायचे की नाही, ते तिचे तिला ठरवू द्या.